देवाला दिले की डॉक्टरला?

कोल्हापुरात एखाद्याच्या डोक्याचा चकोट दिसला की माणसं दोनच गोष्टी विचारतात. आधी आवाज खाली आणून, "घरात कोण गेलं काय?" नाही म्हटलं की लगेच आवाज चढवून, "मग तिरुपती! लाडू कुठाय?" तिसरं काही कारण असू शकतं हे गावाच्या डोक्यात येत नाही, आणि त्यात गावाचा दोषही नाही. हरिप्रिया एक्स्प्रेस तिरुपतीहून आली की स्टेशनातून रिक्षांकडे निघालेल्या गर्दीत गुळगुळीत डोकी हमखास असतात. दर नवरात्रात तिकडून अंबाबाईला शालू येतो. बालाजी करून आलेल्यानं अंबाबाईला हात जोडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इथं मानतात.

माझ्या डोक्याचं कारण तिसरं होतं. हेअर ट्रान्सप्लांट. त्यासाठी सगळं डोकं आधी मशीननं बारीक करतात. खपल्या निघून गेल्यावर मी कोर्टात जायला लागलो, तेव्हा बाररूममध्ये जो तो लाडू मागायला लागला. मी सगळ्यांना "अजून जायचंय" असं सांगायचो. उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि एकालाही पटत नव्हतं.

जायचं होतं ते आईच्या नवसासाठी. २०२१ च्या मे महिन्यात वडील, आमचे आबा, ऑक्सिजनवर होते. आम्ही बाहेर रस्त्याच्या कडेला गाडीत बसून निरोपाची वाट बघायचो. अशा एका रात्री आईनं बालाजीला सांगून टाकलं, हे घरी आले तर पोराचे केस देईन. आबा घरी आले. नवस बोलली आई आणि केस माझे. दोघांच्या करारानं तिसरा माणूस बांधला जात नाही, हे आम्हाला करार कायद्याच्या वर्गात पहिल्यांदा शिकवतात. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला पोटात ठेवताना तरी कुठं विचारलं होतं?" यावर युक्तिवाद नसतो.

खरी अडचण वेगळीच होती. द्यायला केस होते कुठं? कपाळ टाळूपर्यंत गेलेलं, टाळू मागच्या भोवऱ्यापर्यंत, उरलेली कानामागून फिरणारी एक झालर. "आहेत तेवढे दे," आई म्हणायची. मी चालढकल करत राहिलो. त्याच काळात सुनावण्या ऑनलाइन व्हायला लागल्या, आणि कागद बघायला मान खाली घातली की पडद्यावर माझ्या चौकोनात नुसती चकाकी दिसायला लागली. इतकी वर्षं ही बाजू फक्त इतरांनी पाहिली होती. पुढे पैसे जमले तसे मी डॉक्टर गाठले.

ऑपरेशनहून घरी आलो तेव्हा मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी होतील. आईला म्हणालो, "बघ, सगळे केस गेले. नवस फिटला असं समज." तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते डॉक्टरला दिलेस. देवाला कुठं दिलेस?"

आईनं पूर्वमीमांसा वाचलेली नाही. पण मीमांसकांनी यागाची जी व्याख्या केली तीच तिच्या तोंडून आली. देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग, तो याग. द्रव्य, देवता आणि त्याग ही तिन्ही लागतात. अग्नीत आहुती टाकण्याचं काम ऋत्विज करतो, त्याग मात्र यजमानाचा. यजमान "न मम" म्हणतो, तेव्हा ते तूप त्याचं राहत नाही. त्या क्षणी त्याच्या मनात देवता नसेल, तर ते नुसतं तूप जळलं. याच न्यायानं माझे केस नुसते कापले गेले होते. मात्र याच न्यायानं एक गोची तशीच राहते. नवसाची यजमान आई, मग मी कोण? मी द्रव्य. आणि द्रव्याला मत विचारत नाहीत.

हा काथ्याकूट फक्त आमच्या घरात झाला असं समजू नका. २००४ मध्ये जेरुसलेमचे वयोवृद्ध रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांच्यापुढे नेमका हाच मुद्दा आला होता. सनातनी ज्यू घरांतल्या लग्न झालेल्या बायका स्वतःचे केस झाकतात, आणि त्यासाठी अनेक जणी माणसाच्या केसांचा विग घालतात. त्या विगांतले बरेच केस भारतातून जात होते, तिरुपतीचेही. दुसऱ्या देवाला वाहिलेल्या वस्तूचा कसलाही उपयोग करणं त्यांच्या धर्मशास्त्राला चालत नाही. मग ठरवायचं हे की केस उतरवणं हीच पूजा, की पूजेला जाण्याआधी केलेली शुद्धी? केस काही मूर्तीपुढे ठेवत नाहीत. मुंडनाचा कल्याणकट्टा देवळापासून वेगळा आहे आणि केसांचा पुढे लिलाव होतो. चौकशीसाठी लंडनचे एक रब्बी तिरुपतीला जाऊन आले. निकाल लागला तो असा की हे अर्पणच आहे, म्हणून वर्ज्य. त्या मे महिन्यात ब्रुकलिनमध्ये आणि जेरुसलेममध्ये महागामोलाचे विग रस्त्यावर जाळले गेले.

मला यात गंमत वाटते ती अशी की वस्तऱ्याखाली बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे, याचा शोध हजारो मैलांवरच्या, त्याच्या देवाला न मानणाऱ्या एका विद्वानानं इतक्या गांभीर्यानं घेतला. तितकं गांभीर्य रांगेतल्या आपल्या माणसांत मला क्वचित दिसतं. आम्ही घाईत असतो, लाडवाची रांग पुढे असते.

आणि बालाजीच्या केसांची कथा तर आमच्या डॉक्टरांना भिंतीवर लावता येईल अशी आहे. एका गवळ्यानं मारलेला घाव देवाच्या डोक्यावर बसला आणि तिथले केस गेले. नीलादेवी नावाच्या गंधर्वकन्येनं ते पाहिलं, स्वतःचे केस काढले आणि त्या जागी बसवले. सात टेकड्यांतली एक नीलाद्री, ती तिच्या नावाची. भक्तांचे केस त्या दानाबद्दल तिला पोचतात, असं सांगतात. म्हणजे जिथं लोक केस द्यायला जातात, तिथल्या देवाचे स्वतःचे केस रोपण केलेले आहेत. मी ही कथा आईला सांगितली तेव्हा ती खूश झाली. तिला वाटलं मी आता निघणार.

पण मला आधी ते महिने काढायचे होते, आणि त्यांच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. जाहिरातीत आधीचा फोटो असतो आणि नंतरचा. मधलं काहीच नसतं.

ऑपरेशन चालू असताना जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा मी हट्टानं ती काचेची बशी बघून घेतली. थंड सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडावर माझी मुळं ओळीनं मांडली होती. एका केसाची वेगळी, दोन केसांची वेगळी, तीन केसांची वेगळी. एकेरी पुढच्या कडेला लावतात, म्हणजे कपाळाची रेघ खोटी दिसत नाही. प्रत्येकाच्या टोकाला पांढुरका ओला फुगवटा होता. दहा मिनिटांपूर्वी ते सगळे 'मी' होते. मिलिंद राजानं नागसेन भिक्षूला शरीराचे भाग एकेक करून विचारले, यातलं नागसेन कोणतं, म्हणून. त्या यादीत पहिलं नाव केसांचं आहे. थेरवादी परंपरेत नव्या श्रामणेराला ध्यानासाठी जे पाच भाग सांगतात त्यातही केसच पहिले. का, ते मला त्या बशीपुढे कळलं. हात किंवा डोळा यांच्याबद्दल 'हा मी नाही' म्हणायला धाडस लागतं. केसांपासून सुरुवात सोपी. तिथंही मला जमलं नाही, मी नर्सला हळूच विचारलं, "सांडणार नाहीत ना?"

पुढच्या दोन-तीन दिवसांत सूज उतरली. उतरली म्हणजे कमी झाली नाही, खाली आली. डोक्यात टोचलेल्या औषधाचं पाणी आधी कपाळावर येतं, मग भुवयांवर, मग डोळ्यांखाली. मला एका सकाळी डोळे उघडेनात. झोपायचं तेही उशांना टेकून, अर्धवट बसून. वाकायचं नाही. हे 'वाकायचं नाही' माणसाला देवापुढे फार अवघडवून टाकतं. आमच्या देवघराची चौकट बुटकी आहे. मी बाहेरूनच उभ्यानं हात जोडायचो आणि आबा हसायचे.

ड्रेसिंगच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर इचलकरंजीचे एक सुताचे व्यापारी होते. त्यांचं ऑपरेशन माझ्याच दिवशी झालं होतं. त्यांचा पेच माझ्यापेक्षा मोठा. नमाजाआधी वुजू करताना ओला हात डोक्यावरून फिरवायचा असतो, आणि सजद्यात कपाळ जमिनीला टेकायचं असतं. डॉक्टरांनी दोन्ही काही दिवस बंद केलं होतं. त्यांनी आधीच मौलवींना गाठलं होतं. जखमेवर पट्टी असेल तर पट्टीवरून हात फिरवला तरी चालतो, आणि आजारी माणसानं बसून, नुसत्या मानेच्या खुणेनं नमाज पढली तरी ती पोचते. मूळ शंकाही त्यांनी विचारून घेतली होती, असले केस लावणं चालतं का? दुसऱ्याचे केस जोडायला मनाई आहे. पण हदीसमध्ये कोडी, टकल्या आणि आंधळा अशा तिघांची गोष्ट आहे. फरिश्ता टकल्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि त्याला छान केस येतात. तेव्हा गेलेलं परत मागणं म्हणजे निर्मात्याच्या कामात ढवळाढवळ नाही, असा अर्थ अनेक आलिम काढतात. "गोष्टीत पुढं काय होतं?" मी विचारलं. ते म्हणाले, "पुढं फरिश्ता गरीब होऊन मागायला येतो, आणि टकल्या देत नाही." आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग त्यांना आत बोलावलं.

खपल्या साधारण दहाव्या दिवसापर्यंत निघतात. बेबी शाम्पूचा फेस नुसता ठेवायचा आणि मगानं हळू पाणी सोडायचं. मग डोकं छान दिसतं. बारीक खुंटांची रेघ कपाळावर आलेली असते, आणि आपण आरशापुढे वळूनवळून बघतो. हे सुख दोन-तीन आठवडे टिकतं. त्यानंतर लावलेले केस गळायला लागतात. सगळे. उशीवर, टॉवेलवर, मगात. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असतं, पण सांगितलेलं आणि मगात दिसलेलं यात फरक आहे. जागेवरून उपटलेलं मूळ त्या धक्क्यानं विश्रांतीत जातं. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची. वरचा धागा ते सोडून देतं, स्वतः मात्र कातडीखाली चार-पाच मिलिमीटरवर जिवंत असतं. आमची शेती राधानगरी तालुक्यात, आबांनी जन्मभर भाताची रोप लावण केली. त्यांनी मगातले केस पाहिले आणि म्हणाले, "उपटून लावलेलं रोप आधी पिवळं पडतंयच. बघत बसू नको." वीस पानी माहितीपत्रकात इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

मी मात्र बघत बसलो. वकिलाला मुद्दा सुटत नाही. आई म्हणते डॉक्टरला दिलेले केस देवाला पोचत नाहीत. मग हे गळालेले कुणाला गेले? यांत देवताही नाही, उद्देशही नाही, 'न मम' म्हणायलाही कुणी नाही. निरोगी माणसाच्या डोक्यावरूनही रोज पन्नास ते शंभर केस असेच जातात. आयुष्यात आपल्या हातून जे जातं त्यातलं बहुतेक या तिसऱ्या खात्यातलं असतं, आणि नंतर आपण त्याला त्यागाचं लेबल लावतो. चाळिशीत टक्कल पडलेल्या माणसानं केसांची आसक्ती सोडली, असं म्हणणं सभ्य आहे, खरं नाही. माझी सुटली नव्हती. केस सुटले होते.

सोडणं कसं असतं ते कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर दिसतं. आमच्या भागात दिगंबर जैन समाज मोठा आहे, आणि माझ्या ज्युनिअरबरोबर मी एकदा मुनींचा केशलोच पाहायला गेलो होतो. मुनी बसलेले, बोटांना राख लावलेली, आणि डोक्यावरचे, दाढीचे केस स्वतःच्या हातानं उपटणं चाललेलं. चेहरा हलत नव्हता. माझ्याच्यानं पाच मिनिटांवर बघवलं नाही. दोन ते चार महिन्यांनी हे पुन्हा करावं लागतं, कारण उपटलेल्या केसाचं बीज कातडीत राहतं आणि तो परत येतो. माझ्या डॉक्टरांनी मागच्या बाजूचं मूळच पूर्ण काढलं, तिथं आता कधीच येणार नाही. म्हणजे हिशेबानं बघितलं तर कायमचं मी दिलं आणि तात्पुरतं मुनींनी. तरी ते मुनी, आणि मी डोळ्यांवर सूज आलेला एक हौशी माणूस. फरक केसांत नाहीच.

दुसरा-तिसरा महिना सगळ्यात वाईट. ऑपरेशनच्या आधी होतो त्याहून उजाड, कारण जुन्यांतलेही काही धक्क्यानं गळतात. टाळूला हात लावला तर दुसऱ्याच्या डोक्याला लावल्यासारखं बधिर लागतं. नवा केस वर येताना जागोजाग पुटकुळ्या उठतात. या काळात मी फार चिडका झालो होतो, घरचे सांगतील. चौथ्या महिन्यात केव्हातरी तिरप्या उन्हात काही धागे दिसले. पातळ, रंग नसलेले, वेडेवाकडे. हे का ते केस, असं वाटावं असे. सहाव्या-सातव्याला ते जाड झाले, काळे झाले, सरळ झाले. कपाळाची बाजू वर्षभरात भरते, भोवऱ्याला त्याहून उशीर लागतो, वर सहा महिनेसुद्धा.

हे केस टिकतात का, याचं उत्तर न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी दिलं. टक्कल पडणाऱ्या डोक्यावर त्यांनी पहिलं रोपण १९५२ मध्ये केलं आणि १९५९ मध्ये निबंध छापला. मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, गळत नाही. टकलाच्या जागेचा तुकडा केसाळ जागी नेला तर तिथंही तो टक्कलच राहतो. माणसाच्या स्वभावाबद्दल आपल्याकडे दोन तट आहेत, एक म्हणतो जागा बदला, माणूस बदलेल, दुसरा म्हणतो मुळात असेल तेच होणार. केसांपुरता तरी दुसरा तट जिंकला. याचा तोटाही आहे. पुढचे जे जुने केस अजून उभे आहेत ते त्यांच्या स्वभावानं जाणारच, म्हणून गोळी चालू ठेवावी लागते. नाहीतर लावलेले राहतील आणि मधले जातील. म्हणजे हा खटला निकाली निघत नाही, फक्त पुढची तारीख मिळते.

वर्ष झालं आणि आईनं तिकिटं काढायला सांगितली.

आता मात्र मला द्यावंसं वाटेना. इतके दिवस द्यायला नव्हते म्हणून नाही म्हणत होतो. आता आले होते आणि नको वाटत होतं. इथं मला आईच्या नवसातली खुबी कळली. जे आपल्याला हवं नाही ते देवाला देता येत नाही. माझी ती कानामागची झालर मी केव्हाही दिली असती आणि त्यात काही गेलं नसतं. डॉक्टरनं मला केस दिले त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नकार द्यायला काहीतरी दिलं. मनातल्या मनात मी शेवटचा बचाव मांडला, डॉक्टर नाही म्हणतील. डॉक्टर म्हणाले, "खुशाल जा. वस्तरा वरून फिरतो, मुळाला काही होत नाही. दोन-तीन महिन्यांत होते तसे होतील." मग आणखी एक शंका आली. परत येणारच असतील तर हा त्याग कसला? पण रांगेत उभ्या प्रत्येकाचे परत येतात. आई म्हणाली, "देव काय तुला कायमचा बोडका करायला बसलाय?"

कल्याणकट्ट्यावर टोकन घेतलं, ब्लेड घेतलं, ओल्या फरशीवर मांडी घातली. मुंडन तिथं फुकट आहे. डोक्यावर पाणी मारून न्हाव्यानं पुढून सुरुवात केली. चारी बाजूंनी गोविंदा, गोविंदा चाललेलं. मी 'न मम' म्हणायचं ठरवून गेलो होतो, आणि म्हणालोही, पण ते कितपत खरं होतं याची ग्वाही मी शपथेवर देणार नाही. त्या रब्बींनी येऊन मला विचारलं असतं तर माझी उलटतपासणी फार वेळ टिकली नसती.

पुढचं झाल्यावर त्यानं माझी मान खाली दाबली आणि मागं हात घातला. तिथं त्याचा हात थांबला. केस बारीक झाले की काढलेल्या मुळांच्या जागी पांढरे ठिपके दिसतात, सगळ्या मागच्या भागावर पसरलेले. त्यानं अंगठ्यानं ते चाचपले. "ये क्या हुआ, साब?" मी मान खाली ठेवूनच सांगितलं, इथले काढून तिथं लावले. त्यानं पुन्हा पुढं येऊन कपाळाजवळची निळसर रेघ पाहिली, मग मागं जाऊन ठिपके पाहिले, आणि शेजारच्या न्हाव्याला तेलुगूत हाक मारली. तोही त्याचं गिऱ्हाईक सोडून आला. दोघांनी मिळून माझं डोकं पाहिलं.

"कितना लगा?"

मी आकडा सांगितला. शेजारचा हसला. माझा हसला नाही. त्याच्या मुलाचे पंचविशीतच पुढून चालले होते आणि लग्न जमवायचं होतं. हे दुखतं का, किती दिवसांनी येतात, परत जात नाहीत ना, असं सगळं त्यानं विचारून घेतलं. माझं अर्धं डोकं तसंच ओलं होतं. आई खांबाजवळून ओरडत होती, बोलत बसू नका, दर्शनाची वेळ होत आलीय. मी त्याला सांगितलं की मधे सगळे गळतील, तेव्हा पोराला घाबरू देऊ नकोस. उरलेलं डोकं उरकून त्यानं खिशातून बॉलपेन काढलं आणि डॉक्टरचा नंबर लिहून घ्यायला हात पुढं केला.